विज्ञानकल्पित मालिकेचा अखेरचा भाग आणि घरगुती चित्रफीत : हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात इतिहास-साधनांचा एक विचार

प्रस्तावना :

हस्तलिखित पोथी हाती आली की संशोधक प्रथम तिचे शेवटचे पान पाहतो. ग्रंथाची समाप्ती, फलश्रुती, शक, मिती, लेखनकर्त्याचे नाव व गाव यांची नोंद बहुधा त्याच पानावर असते. दुर्दैवाने बाड बांधताना आणि सोडताना पहिले व शेवटचे पान सर्वाधिक हाताळले जाते आणि तेच सर्वात आधी झिजते. मराठवाड्यातील अनेक बाडे आज समाप्तीवाचून उपलब्ध आहेत. अशा ग्रंथाचा आशय कळतो, परंतु त्याचा काळ, कर्ता आणि हेतू यांबाबत अनुमानावर विसंबावे लागते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दूरचित्रवाणी मालिका हा कथनाचा नवा प्रकार समाजात रूढ झाला. मालिकेचा अखेरचा भाग हे तिचे शेवटचे पान होय. कथेतील प्रश्नांचा निकाल त्यात लागतो, निर्मात्याची भूमिका स्पष्ट होते आणि प्रेक्षक त्या कथेविषयीचे आपले मत त्यावरूनच निश्चित करतो. विज्ञानकल्पित मालिकांच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे, कारण या मालिका मानवजातीच्या भवितव्याविषयी काहीएक विधान करू पाहतात आणि ते विधान बहुधा शेवटी येते. ज्या मालिकांना प्रेक्षकसंख्या मोजकी परंतु निष्ठा असाधारण लाभते, ज्यांची चर्चा प्रक्षेपण संपल्यावरही वर्षानुवर्षे चालू राहते, त्यांना 'कल्ट' मालिका म्हटले जाते. अशा मालिकांची ही दीर्घ चर्चा शक्य होण्यामागे घरगुती व्हिडिओचा, म्हणजे कॅसेट, व्हीसीडी व डीव्हीडी या साधनांचा, मोठा वाटा आहे.

प्रस्तुत निबंधात या साधनांनी मालिकेच्या अखेरच्या भागाला कोणते रूप दिले, दूरदर्शनच्या विज्ञानकल्पित मालिकांना ते रूप का लाभले नाही आणि त्याचा हिंगोलीसारख्या जिल्ह्याच्या सांस्कृतिक इतिहासलेखनाशी काय संबंध पोहोचतो, याचा परामर्श घेतला आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती :

निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत. (१) अखेरच्या भागाच्या जतनाचे स्वरूप निवडक पाश्चात्त्य मालिकांच्या आधारे स्पष्ट करणे. (२) दूरदर्शनच्या विज्ञानकल्पित मालिका घरगुती व्हिडिओच्या बाजारपेठेबाहेर राहण्याची कारणे शोधणे. (३) घरोघरी पडून असलेल्या चित्रफितींचा इतिहासाचे साधन म्हणून विचार करणे. त्यासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

प्रक्षेपणाचा क्षण आणि हरवलेला शेवट :

दूरचित्रवाणीच्या प्रारंभीच्या काळात कार्यक्रम जतन करण्याची कल्पनाच रुजलेली नव्हती. नाटकाचा प्रयोग जसा पडदा पडताच संपतो, तसाच कार्यक्रम प्रक्षेपणाबरोबर संपे. याचे ठळक उदाहरण म्हणजे बीबीसीची 'द क्वाटरमास एक्सपेरिमेंट' ही १९५३ मधील मालिका. नायजेल नील यांनी लिहिलेली व रुडॉल्फ कार्टिये यांनी दिग्दर्शित केलेली ही सहा भागांची मालिका जुलै-ऑगस्टमध्ये थेट प्रक्षेपित झाली. अंतराळात गेलेल्या तिघांपैकी एकच परत येतो आणि त्याच्या देहात परकी जीवसृष्टी वाढू लागते, असे तिचे कथानक होते. अखेरच्या भागात लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये वाढलेल्या त्या अक्राळविक्राळ जीवासमोर शास्त्रज्ञ क्वाटरमास उभा राहतो आणि त्या देहात अद्याप शिल्लक असलेल्या तीन मानवी मनांना आवाहन करतो. त्या आवाहनाने जीवाचा अंत होतो. शस्त्राऐवजी विवेकाला केलेले आवाहन हा त्या शेवटाचा गाभा होता.

या मालिकेचे पहिले दोन भाग तेवढे फिल्मवर मुद्रित झाले. उर्वरित चार भागांचे, म्हणजे अखेरच्या भागाचेही, मुद्रण अस्तित्वात नाही. १९५५ मध्ये याच कथेवर हॅमर या संस्थेने चित्रपट काढला. त्यात त्या जीवाला विजेच्या धक्क्याने मारले जाते. चित्रपट फिल्मवर असल्याने टिकला, पुढे कॅसेटवर आला आणि नंतरच्या पिढ्यांनी प्रत्यक्ष पाहिलेला शेवट हाच ठरला. २००५ मध्ये मालिकेच्या उपलब्ध भागांचा डीव्हीडी संच निघाला तेव्हा हरवलेल्या भागांच्या संहिता त्यात देण्यात आल्या. एका विचारप्रधान शेवटाची जागा एका प्रेक्षणीय शेवटाने घेतली, याचे कारण केवळ साधनाचे टिकाऊपण हे होते. एकाच ग्रंथाच्या दोन पाठांपैकी सरस पाठ नष्ट व्हावा आणि दुय्यम पाठ प्रमाण मानला जावा, असाच हा प्रकार आहे.

दुसरे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. बीबीसीच्याच 'डॉक्टर हू' या मालिकेतील 'द टेन्थ प्लॅनेट' ही चार भागांची कथा ऑक्टोबर १९६६ मध्ये प्रक्षेपित झाली. तिच्या चौथ्या भागाच्या शेवटी नायकाचा कायापालट होतो आणि विल्यम हार्टनेल या अभिनेत्याची जागा पॅट्रिक ट्राउटन घेतो. मालिका अनेक दशके चालू राहू शकली ती या युक्तीमुळे. मात्र चित्रफिती महाग असल्याने त्यांचा पुनर्वापर आणि साठवणुकीची अडचण म्हणून फिल्म नष्ट करणे या दोन प्रथांपायी बीबीसीकडील असंख्य कार्यक्रम पुसले गेले. 'डॉक्टर हू'चे नव्वदहून अधिक भाग बेपत्ता झाले, त्यांत हा चौथा भागही आहे. कायापालटाचे दृश्य तेवढे वाचले, कारण ते १९७३ मध्ये 'ब्ल्यू पीटर' या मुलांच्या कार्यक्रमात दाखविले गेले होते.

पुढे या हरवलेल्या भागांचा शोध सुरू झाला तेव्हा संस्थेच्या दप्तरापेक्षा सामान्य प्रेक्षकांची घरे अधिक उपयोगी पडली. काही प्रेक्षकांनी त्या काळी दूरचित्रवाणी संचाजवळ ध्वनिमुद्रक ठेवून भागांचा आवाज टिपला होता. बेपत्ता असलेल्या प्रत्येक भागाचा ध्वनी अशा मुद्रणांतून उपलब्ध आहे. २०१३ मध्ये 'द टेन्थ प्लॅनेट'ची डीव्हीडी निघाली तेव्हा चौथ्या भागाच्या जतन झालेल्या आवाजावर नवी सजीवचित्रे बसविण्यात आली. या डीव्हीडीवर दिसणारा तो शेवट म्हणजे १९६६ मधील ध्वनी आणि २०१३ मधील चित्र यांचा संयोग होय. ज्यांना तांत्रिक ज्ञान जुजबी होते आणि ज्यांचा हेतू केवळ आवड हा होता, अशा हौशी मंडळींनी एका राष्ट्रीय संस्थेची चूक अंशतः भरून काढली.

घरगुती व्हिडिओ आणि बदलता शेवट :

१९७५ मध्ये सोनी कंपनीची बीटामॅक्स आणि १९७६ मध्ये जेव्हीसी कंपनीची व्हीएचएस ही पद्धत बाजारात आली. प्रेक्षकाला प्रक्षेपण घरी मुद्रित करून सवडीने पाहता येऊ लागले. अमेरिकेतील चित्रपट कंपन्यांनी यास हरकत घेतली. तथापि १७ जानेवारी १९८४ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने नंतर पाहण्यासाठी केलेले घरगुती मुद्रण कायदेशीर ठरविले. या निर्णयाने प्रेक्षक हा संग्राहक होऊ शकला.

यानंतर कंपन्यांनी स्वतःच मालिका विक्रीस काढल्या आणि अखेरच्या भागाचे स्वरूप पालटले. 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या मालिकेचा 'डेब्रेक' हा अखेरचा कथाभाग १३ व २० मार्च २००९ रोजी प्रक्षेपित झाला. त्याच वर्षी जुलै महिन्यात निघालेल्या डीव्हीडी संचात त्याची विस्तारित आवृत्ती देण्यात आली. प्रक्षेपणाच्या वेळेच्या बंधनामुळे वगळलेली दृश्ये तीत समाविष्ट होती. मालिकेच्या शेवटात मानवसमूह आपले यंत्रज्ञान त्यागून नव्या ग्रहावर साधे जीवन स्वीकारतो, हा निर्णय प्रेक्षकांत वादग्रस्त ठरला. वाद घालणाऱ्यांपैकी काहींनी प्रक्षेपित पाठ पाहिला होता, तर काहींनी विस्तारित. त्यामुळे अशा मालिकेचा अभ्यास करताना कोणता पाठ आधारभूत मानला, हे सांगणे संशोधकाला भाग पडते. चिकित्सक आवृत्तीची ही शिस्त प्राचीन ग्रंथांच्या अभ्यासकाला नवी नाही. दूरचित्रवाणीच्या अभ्यासात मात्र ती घरगुती व्हिडिओमुळे आली.

येथे एक फरक ध्यानात घेणे आवश्यक आहे. शेवट असणे आणि शेवट जतन होणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. 'स्टार ट्रेक' ही मूळ मालिका ७९ भागांनंतर जून १९६९ मध्ये बंद पडली. तिला कथानकाची सांगता करणारा असा अखेरचा भाग लाभलाच नाही. तरीही तिचे सर्व भाग टिकल्याने ती पुनःप्रक्षेपणातून आणि कॅसेटमधून जगभर पोहोचली. याउलट क्वाटरमासला समर्थ शेवट होता, पण तो टिकला नाही. इतिहासाच्या दृष्टीने जतन ही बाब अधिक निर्णायक ठरते.

दूरदर्शन आणि भारतीय विज्ञानकल्पित मालिका :

मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांपर्यंत दूरचित्रवाणी पोहोचण्यास मात्र पुढील दशक उजाडावे लागले. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण आले, ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१ब हा उपग्रह अवकाशात गेला आणि त्यानंतर लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे देशभर वेगाने उभे राहिले. १९८४ मध्ये 'हम लोग'पासून प्रायोजित मालिकांचे युग सुरू झाले.

या युगात विज्ञानकल्पित मालिकांना अल्प परंतु निश्चित स्थान होते. 'स्टार ट्रेक' दूरदर्शनवर दाखविली गेली. तिच्या धर्तीवरील 'स्पेस सिटी सिग्मा' ही मालिका आणि तिच्यातील झखाकू हा खलनायक त्या पिढीच्या स्मरणात राहिला. आनंद महेंद्रू यांच्या १९८९ मधील 'इंद्रधनुष' या मालिकेत मुलांनी घरी बनविलेला संगणक आणि कालप्रवास हे विषय होते. चित्रपट दिग्दर्शक म्हणून पुढे ख्याती पावलेले करण जोहर किशोरवयात तीत दिसले. १९९८ मध्ये केतन मेहता यांची 'कॅप्टन व्योम' ही मालिका आली. मिलिंद सोमण यांची प्रमुख भूमिका असलेल्या या मालिकेचा काळ इसवी सन २२२० हा कल्पिला होता आणि गुरूच्या आयो या उपग्रहावरील कारागृहातून निसटलेल्या बारा गुन्हेगारांचा शोध हे तिचे सूत्र होते.

बारा गुन्हेगारांच्या शोधाचे सूत्र असलेल्या मालिकेत शेवट हा कथेच्या रचनेतच अपेक्षित असतो. प्रेक्षक पहिल्या भागापासून मोजणी करीत असतो. परंतु दूरदर्शनवरील मालिकेची लांबी केवळ कथेच्या गरजेने ठरत नसे. मालिकांना सामान्यतः तेरा-तेरा भागांच्या टप्प्यांनी मंजुरी मिळे आणि मुदतवाढ प्रायोजक व प्रशासन यांच्यावर अवलंबून असे. शेवट ही येथे कलात्मक बाबीइतकीच प्रशासकीय बाब होती. या बाबतीत 'रामायण' मालिकेचे उदाहरण विचार करण्याजोगे आहे. ५२ भागांची योजलेली ही मालिका मुदतवाढ मिळत ७८ भागांपर्यंत गेली आणि ३१ जुलै १९८८ रोजी संपली. तो शेवट मान्य नसलेल्या वाल्मीकी समाजातील सफाई कामगारांनी उत्तर भारतात संप केला आणि उत्तरकांडावरील पुढील मालिका काढावी लागली. मालिकेचा शेवट हा सामाजिक हक्काचा प्रश्न होऊ शकतो, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे.

विज्ञानकल्पित मालिकांच्या शेवटासाठी कोणी रस्त्यावर उतरले नाही. त्या संपल्या आणि त्यांची वेळ दुसऱ्या कार्यक्रमाने घेतली. चित्रफितींच्या पुनर्वापराची प्रथा दूरदर्शनमध्येही होती. मुंबई केंद्राच्या सत्तरच्या दशकातील 'चिमणराव' या गाजलेल्या मराठी मालिकेचे देखील मोजकेच भाग शिल्लक राहिले. पुस्तकांच्या बाबतीत १९५४ च्या कायद्याने प्रकाशकास ठरावीक ग्रंथालयांत प्रती पाठविणे बंधनकारक केले आहे, त्यामुळे किरकोळ पुस्तकाचेही शेवटचे पान कोठेतरी सापडते. दूरचित्रवाणी कार्यक्रमांना तसे कायदेशीर संरक्षण लाभले नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ मध्ये झाली, परंतु त्याचे कार्यक्षेत्र मुख्यतः चित्रपट हे राहिले.

कॅसेटचे गणित :

सरकारी यंत्रणेने जे जपले नाही ते बाजाराने जपले असते काय, हा पुढील प्रश्न आहे. ऐंशीच्या दशकात व्हीसीआर भारतात रुळला. तालुक्याच्या गावी व्हिडिओ पार्लर निघाली. लग्न, बारसे किंवा गणेशोत्सवाच्या निमित्ताने रंगीत टीव्ही व व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभरात तीन चित्रपट पाहण्याची पद्धत मराठवाड्यात सर्वत्र होती. चोरट्या कॅसेटचा सुळसुळाट इतका झाला की १९८४ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती करून व्हिडिओ फिल्मचा स्पष्ट समावेश करावा लागला आणि शिक्षा वाढवावी लागली.

या व्यवसायात मालिकेला जागा का नव्हती, हे साध्या हिशेबाने उलगडते. प्रचलित व्हीएचएस कॅसेट तीन तासांची असे. हिंदी किंवा मराठी चित्रपट तीत नेमका बसे. एक कॅसेट, एक रात्र, एक भाडे असा हा सुटसुटीत व्यवहार होता. पंचवीस मिनिटांचा एक भाग धरला तर तेरा भागांच्या मालिकेस ३२५ मिनिटे, म्हणजे दोन कॅसेट लागत. चोपन्न भागांच्या मालिकेस साडेबावीस तास, म्हणजे आठ कॅसेट लागल्या असत्या. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात व्हीसीडी आली, पण तिच्या एका तबकडीवर फार तर ८० मिनिटांचे चित्रण मावे. तेव्हा त्याच मालिकेस सतरा तबकड्यांची आवश्यकता होती. रात्रीच्या भाड्यावर चालणाऱ्या दुकानदारास हा माल परवडणारा नव्हता, आणि मालिकेचा शेवट तर सतराव्या तबकडीवर असणार होता.

अपवाद होता तो 'रामायण' आणि 'महाभारत' यांचा. त्यांचे संच आधी कॅसेटवर व पुढे तबकड्यांवर निघाले आणि खपले, कारण घेणाऱ्याच्या दृष्टीने तो करमणुकीच्या मालापेक्षा देवघरातील ग्रंथ होता. पोथीप्रमाणे तो संपूर्ण असणेच अगत्याचे होते. मराठी बाजारपेठेत नाटके, चित्रपट, कीर्तने व गाण्यांचे कार्यक्रम व्हीसीडीवर मोठ्या प्रमाणावर आले, तेही एका बैठकीत संपणारे होते म्हणून. मोझर बेअर या कंपनीने २००७ च्या सुमारास व्हीसीडीची किंमत २८ रुपये व डीव्हीडीची ३४ रुपये इतकी खाली आणली, तेव्हा मराठी चित्रपट गावोगावच्या दुकानांत पोहोचले. परंतु या स्वस्ताईचाही भर चित्रपटांवरच होता. या कंपनीचेही पुढे २०१८ मध्ये दिवाळे निघाले. डीव्हीडीची क्षमता अधिक असल्याने मालिका काढणे सोयीचे झाले, तोपर्यंत त्या मालिकांचा बालप्रेक्षक वयात आला होता आणि दूरदर्शनची सद्दी सरली होती.

हक्कांचा प्रश्नही होता. दूरदर्शनने स्वखर्चाने करवून घेतलेल्या कार्यक्रमाचे हक्क सामान्यतः दूरदर्शनकडे आणि प्रायोजित कार्यक्रमाचे हक्क निर्मात्याकडे राहत. निर्मात्याची संस्था बंद पडली किंवा मूळ फिती अन्यत्र गेल्या की मालिका अनाथ होई. मार्च २०२० मधील टाळेबंदीच्या काळात दूरदर्शनने जुन्या मालिका पुन्हा दाखविल्या. २८ मार्चपासून 'रामायण' सुरू झाले, 'महाभारत', 'शक्तिमान' आदी मालिकाही आल्या. नव्या पिढीच्या दृष्टीने दूरदर्शनचे सुवर्णयुग म्हणजे हीच मालिकांची यादी ठरली. ज्यांच्या फिती सुस्थितीत होत्या व ज्यांचे हक्क निश्चित होते, त्यांनाच या स्मरणात जागा मिळाली.

हिंगोली जिल्हा : स्मृती हेच साधन :

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत या पाच तालुक्यांच्या या जिल्ह्याचा दूरचित्रवाणीचा प्रारंभकाळ त्यामुळे परभणीच्या दप्तरात विखुरलेला आहे. औंढा नागनाथाचे शिल्पवैभव किंवा नर्सीचे नामदेव महाराज यांविषयी विपुल लिहिले गेले आहे. परंतु या परिसरात पहिला दूरचित्रवाणी संच कोणत्या गावी आला, व्हीसीआर भाड्याने देण्याचा व्यवसाय कोणी केला, या साध्या बाबींची नोंद इतिहासलेखनात आढळत नाही.

खेड्यातील प्रेक्षकाचे मालिका पाहणे मुळातच खंडित होते. अँटेना वाऱ्याने फिरे, वीज जाई, काही ठिकाणी बारा व्होल्टवर चालणारा कृष्णधवल संच ट्रॅक्टरच्या बॅटरीवर लावला जाई. संच एखाद्याच घरी असल्याने त्या घरच्या सोयीने पाहावे लागे. सुगीच्या दिवसांत मुलेही शेतावर असत. अशा परिस्थितीत तेरा भागांपैकी तेराही पाहणारा प्रेक्षक विरळा होता. ज्याचा अखेरचा भाग चुकला त्याला तो दुसऱ्या दिवशी शाळेत दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागे. ऐकलेल्या शेवटात सांगणाऱ्याची कल्पना मिसळे. लोककथेच्या प्रसाराची जी रीत अभ्यासकांनी वर्णिली आहे, तीच रीत येथे अंतराळयानाच्या कथेला लागू पडली. नामदेवांची गाथा अनेक शतके मुखपरंपरेने व हस्तलिखितांतून फिरत राहिली आणि पाठभेद झाले. ज्या भूमीत हे घडले तेथे एका दूरचित्रवाणी मालिकेचे पाठभेद अवघ्या एका पिढीत झाले, ही बाब मौखिक इतिहासाच्या अभ्यासकाला आव्हान देणारी आहे.

१९८९ मध्ये जे मूल दहा वर्षांचे होते ते आज पंचेचाळिशी ओलांडलेले आहे. महाविद्यालयांतील अनेक अध्यापक याच पिढीचे आहेत. त्यांच्या स्मृती विश्वसनीय आहेत काय, हा प्रश्न रास्त आहे. कथानकाच्या बाबतीत त्या बहुधा दगा देतात, दोन मालिकांचे प्रसंग एकमेकांत मिसळतात. मात्र कोणाच्या घरी पाहिले, कोण सोबत होते, कोणाला उंबऱ्याबाहेर बसावे लागले, मुलींना पाहू दिले जाई काय, या तपशिलांच्या बाबतीत त्या पुष्कळ सांगू शकतात. मालिकेचा शेवट काय होता याऐवजी तो कसा कळला हे विचारले, तर जात, लिंगभेद, वीज आणि शिक्षण यांचा सामाजिक इतिहास हाती येतो.

स्मृतीच्या जोडीला चित्रफिती आहेत. विवाहाच्या चित्रणासाठी घेतलेल्या कॅसेटच्या उरलेल्या भागात कधी दूरदर्शनवरील कार्यक्रम मुद्रित केलेला असतो, कधी याच्या उलट. कॅसेटच्या कडेची खाच तोडली नसेल तर जुन्यावर नवे मुद्रित होई. एकाच फितीवर लग्न, क्रिकेटचा सामना, जाहिराती आणि एखाद्या मालिकेचा अर्धा भाग असे थर साचले. पूर्वीचे लेखन खरवडून त्याच चर्मपत्रावर नवे लिहिण्याची प्रथा जगात होती. त्या चर्मपत्रांप्रमाणेच ही फीत थरांनी वाचावी लागते. 'डॉक्टर हू'च्या उदाहरणावरून दिसते की अशा कोणत्या घरात कोणता हरवलेला शेवट निघेल, हे आधी सांगता येत नाही.

हा विषय हिंगोलीसाठी केवळ स्मरणरंजनाचा नाही. औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरींच्या वेधासाठी लायगो-इंडिया ही प्रयोगशाळा उभारली जाणार असून केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मान्यता दिली. अशा लहरींचा पहिला प्रत्यक्ष वेध १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेत घेतला गेला, त्या दोन कृष्णविवरांच्या मीलनातून निघाल्या होत्या. या प्रकल्पातील एक प्रमुख संस्था असलेल्या पुण्याच्या 'आयुका'चे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर यांनी आपली पहिली विज्ञानकथा १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी टोपणनावाने पाठविली, तिचे नाव 'कृष्णविवर' असे होते. नारळीकरांचे २० मे २०२५ रोजी निधन झाले. त्यांच्या कथा ग्रंथरूपाने उपलब्ध आहेत आणि त्यांचे शेवट कोणालाही वाचता येतात. पण त्याच काळात खेड्यातील, वाचनालय नसलेल्या गावातील मुलाच्या मनात अवकाशाची पहिली प्रतिमा पुस्तकापेक्षा पडद्यानेच उमटविली असण्याचा संभव अधिक आहे. उद्या या जिल्ह्यातील वैज्ञानिक जाणिवेचा इतिहास लिहिला जाईल तेव्हा त्याची छापील साधने सापडतील आणि दृश्य साधने सापडणार नाहीत, अशी आजची स्थिती आहे.

वेळही फारसा उरलेला नाही. व्हीसीआर बनविणाऱ्या अखेरच्या फुनाई या जपानी कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबविले. चुंबकीय फितींवरील वारसा २०२५ च्या सुमारास वाचण्यापलीकडे जाईल, असा इशारा या क्षेत्रातील संस्थांनी दिला होता आणि २०१९ मध्ये युनेस्कोनेही याकडे लक्ष वेधले. ती मुदत आता उलटली आहे. फीत शिल्लक असली तरी ती चालविणारे यंत्र आणि ते दुरुस्त करणारा कारागीर मिळणे दिवसेंदिवस कठीण होत आहे.

निष्कर्ष :

१. मालिकेच्या अखेरच्या भागाचा ऐतिहासिक अर्थ त्याच्या आशयाइतकाच त्याच्या जतनावर अवलंबून असतो. जो शेवट टिकतो तोच कालांतराने खरा शेवट मानला जातो.

२. पाश्चात्त्य देशांत संस्थांनी गमावलेले शेवट प्रेक्षकांच्या घरगुती मुद्रणांमुळे अंशतः परत मिळाले. घरगुती व्हिडिओने त्यांचे जतन केले आणि त्यांचे पाठभेदही निर्माण केले.

३. दूरदर्शनच्या विज्ञानकल्पित मालिका घरगुती व्हिडिओच्या बाजारातून वगळल्या गेल्या, यास प्रेक्षकांची उदासीनता हे कारण पुरेसे नाही. कॅसेट व व्हीसीडीची मर्यादित क्षमता, एका रात्रीच्या भाड्याचा व्यवहार, विखुरलेले हक्क आणि फितींचा पुनर्वापर ही कारणे अधिक प्रभावी होती.

४. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात या मालिकांचे शेवट मुख्यतः मौखिक रूपात उरले आहेत. ती स्मृती कथानकाचे दुय्यम, परंतु पाहण्याच्या सामाजिक परिस्थितीचे प्राथमिक साधन आहे.

समारोप :

जिल्ह्यातील महाविद्यालयांना या बाबतीत मोठ्या निधीवाचूनही आरंभ करता येण्यासारखा आहे. इतिहास विभागाने विद्यार्थ्यांकरवी गावोगावच्या चित्रफितींची केवळ यादी केली, वेष्टनावरील मजकूर, अंदाजे वर्ष, मालकाचे गाव आणि फितीची अवस्था एवढे नोंदविले, तरी ते पहिले दप्तर ठरेल. बुरशी आलेली फीत यंत्रात न घालता कोरड्या जागी उभी ठेवणे आणि महत्त्वाच्या फितींचे जाणकाराकडून अंकीकरण करून घेणे, हा दुसरा टप्पा होय. खाजगी समारंभांच्या चित्रणाबाबत संबंधित कुटुंबाची लेखी संमती आणि प्रक्षेपित कार्यक्रमांबाबत हक्कदाराचा अधिकार यांचे भान राखणे अगत्याचे आहे. मौखिक मुलाखती त्याच भेटीत घेता येतील.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव फिरून दप्तरे गोळा केली तेव्हा घरमालकांच्या लेखी ते कागद रद्दीच्या मोलाचे होते. आज माळ्यावर पडलेल्या कॅसेटची गणना त्याच प्रकारात होते. घराची रंगरंगोटी निघाली की ती प्रथम भंगारात जाते. मराठवाड्यातील एका पिढीने भविष्यकाळाची जी चित्रे पाहिली, त्यांचे शेवटचे पान कदाचित त्या भंगाराच्या पोत्यात आहे, आणि ते विकले जाण्यापूर्वी पाहणे एवढेच संशोधकाच्या हाती आहे.